घरातल्या जुन्या कॅसेट्स संगणकावर उतरवताना

मालकंस

दिवाळीच्या आवराआवरीत कॅसेट्सचा खोका निघाला की एक तर तो भंगारात जातो, नाहीतर पुन्हा माळ्यावर. दोन्ही वाईट. माळ्यावरच्या उन्हाळ्याने आणि पावसाळ्याने फीत हळूहळू जाते, आणि डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारं यंत्र, नीट दुरुस्त करणारी माणसंही कमी होत चालली आहेत. ज्याला उतरवायच्या आहेत त्याने आता लांबवू नये. माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा.

आधी खोक्याची वाटणी करा. विकतच्या नाट्यसंगीत, भावगीतं, चित्रपटगीतांच्या कॅसेट्स बाजूला ठेवा, त्यातलं बहुतेक आज स्वच्छ आवाजात ऐकायला मिळतं. वेळ घालवायचा तो जे दुसरीकडे मुळीच मिळत नाही त्यावर: आजीच्या ओव्या, गावातलं कीर्तन, घरगुती बैठक, बारशाचे पाळणे, हौशी नाटकमंडळींचा प्रयोग, आकाशवाणीवरून टिपून घेतलेले कार्यक्रम, परदेशातल्या नातेवाइकांना पाठवलेली बोलकी पत्रं.

आणि यंत्रात घालण्याच्या आधी एक काम. कॅसेटच्या पाठीच्या कडेवर दोन टोकांना प्लास्टिकचे दोन छोटे टॅब असतात. ते मोडून टाका. 'ए' बाजू आपल्याकडे धरली की डावीकडचा टॅब त्या बाजूचा. तो नसला की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. जुन्या टू-इन-वनमध्ये (रेडिओ आणि टेप एकत्र) प्ले आणि रेकॉर्ड शेजारी असतात आणि एका चुकीच्या दाबाने वीस सेकंदांचा आवाज कायमचा पुसला जातो.

डोंबिवलीकर

चांगला विषय. यंत्र कोणतं घ्यावं तेही लिहा. ऑनलाइन मिळणारे यूएसबीवाले छोटे कॅसेट प्लेअर कसे असतात? दिसायला वॉकमनसारखे.

खटपट्या

@डोंबिवलीकर, ते घेऊ नका. त्यांच्या मोटरला फ्लायव्हील, म्हणजे वेग स्थिर ठेवणारं जड चाक, जेमतेम असतं, त्यामुळे वेग थरथरतो. बोलण्यात ते खपून जातं, पण पेटीचा लांब सूर लागला की लगेच कळतं: सूर हलतो. शिवाय आतला यूएसबी भाग सुमार असतो आणि आवाजात बारीक किणकिण मिसळतो.

त्यापेक्षा जुना स्टिरिओ डेक बघा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, नाहीतर ओळखीतल्या कोणाच्या तरी म्युझिक सिस्टिमचा सुटा डेक. विकत घेताना तीन गोष्टी बघाव्या. हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, बोटाने जाणवेल असा खड्डा नको. पिंच रोलर, म्हणजे फीत दाबून ओढणारं काळं रबरी चाक, चकचकीत किंवा चिरलेलं नको. आणि फास्ट फॉरवर्ड, रिवाइंड दोन्ही शेवटपर्यंत एका दमात जायला हवेत. प्ले चालतं पण रिवाइंड मध्येच दमतं, तर बेल्ट, म्हणजे मोटरवरून चाकं फिरवणारा रबरी पट्टा, गेलाय.

बेल्ट बदलणं अवघड नाही. तीस वर्षांच्या रबराचा कधी कधी डांबरासारखा चिकट लगदा होतो, तो पुलीवरून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पूर्ण काढावा लागतो. कणभर राहिला तरी नवा बेल्ट घसरतो. माप काढायला पुलींभोवती दोरा फिरवा आणि त्या घेरापेक्षा साधारण ५ टक्के लहान बेल्ट घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुना बेल्ट हातात घेऊन गेलात तर जुळणी पटकन होते.

गुंजन

अल्कोहोल कोणतं? औषधाच्या दुकानातलं स्पिरिट चालेल का?

खटपट्या

गुंजनताई, शक्यतो ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. जखमेवर लावायच्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, काहींत इतरही काही मिसळलेलं असतं आणि त्याचा थर मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लास्टिक विरघळतं.

हेड, कॅपस्टनची दांडी (रबरी चाक जिच्यावर दाबतं ती) आणि फीत जिथून घासत जाते त्या सगळ्या धातूच्या जागा पुसा. काडी तपकिरी येईल, तो फितीवरून सुटलेला लोहाचा थर. काडी पांढरी येईपर्यंत बदलत राहा. रबरी चाकाला साबणाच्या पाण्यात ओलसर केलेली काडी बरी, अल्कोहोल वारंवार लावलं की रबर कडक होतं. दहा मिनिटं वाळू द्या, मगच कॅसेट घाला. फितीची अवस्था वाईट असेल तर प्रत्येक कॅसेटनंतर हे करा.

रत्नांग्री

कोकणातल्या कॅसेट्सचा प्रश्न वेगळाच. खिडकीतून बघितलं तर रिळाच्या कडेवर पांढरी पावडर दिसते. ती बुरशी. अशी कॅसेट तशीच लावली तर बुरशी हेडवर, तिथून पुढच्या सगळ्या कॅसेट्सवर. बुरशीवाल्या ताबडतोब वेगळ्या पिशवीत काढा.

हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर आठवडाभर ठेवल्या की बुरशी सुकते आणि झटकल्यावर सुटते. उन्हात ठेवू नका, कवच वाकतं आणि फीत आक्रसते. सुकल्यावर तोंडाला मास्क लावून, घराबाहेर कवच उघडा. पाच स्क्रू असतात. रिळाच्या दोन्ही कडा कोरड्या मऊ ब्रशने झाडा. मग एका भंगार यंत्रावर, ज्याचं पुढे काही करायचं नाही अशा, रिवाइंड करताना फितीच्या दोन्ही अंगांना तंतू न सुटणारं कोरडं कापड हलकेच टेकवा. घाई नको.

काही कंपन्यांच्या कवचांना स्क्रू नसतात, ती चिकटवून बंद केलेली असतात. सांध्यात पातळ पातं घालून हळूहळू फिरवत उघडावी लागतात आणि कवच बहुधा वाया जातं. म्हणून आधी स्क्रूवाली एक नको असलेली कॅसेट रिकामी करून ठेवा, फीत तिच्यात बसवायची.

विदर्भकन्या

आमच्याकडे बुरशी नाही, पण उन्हाळा आहे. कॅसेट लावली की चुईं असा आवाज येतो आणि फीत अडखळते. शिवाय काहींचा आवाज एकदम दबलेला, उशीखालून आल्यासारखा.

खटपट्या

दोन वेगळी दुखणी आहेत ताई.

चुईं आवाज घर्षणाचा. कॅसेटच्या आत रिळाच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत पातळ पत्रे असतात. ते वाकले किंवा रीळ उंचसखल गुंडाळलं गेलं की फीत घासते. आधी कॅसेट तळहातावर आडवी तीन-चार वेळा आपटा, दोन्ही अंगांनी. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर कवच बदला.

दबलेल्या आवाजात पहिला संशय पॅडवर. कॅसेटच्या तोंडाशी मधोमध तांब्याच्या पट्टीवर वाटाण्याहून लहान फेल्टचा तुकडा असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. वर्षांनी त्याचा डिंक सुकतो आणि तो गळून पडतो. मग उच्च स्वर जातात, आवाज कमीजास्त होतो. नवा फेल्ट चिकटवता येतो, पण डिंक जास्त झाला तर फितीला लागतो. दुसऱ्या कॅसेटची पट्टी पॅडसकट काढून बसवणं सोपं.

पॅड जागेवर असूनही आवाज दबलेला आणि त्यात मागून उलटं बोलल्यासारखं काही ऐकू येत असेल, तर फितीला कुठेतरी पीळ पडलाय. तिची पाठ हेडकडे आली आहे. पेन घालून हळूहळू फिरवत पीळ शोधा.

मालकंस

आता ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि ज्याने सर्वात जास्त फरक पडतो ते लिहितो: अ‍ॅझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन.

हेडमधली फट फितीच्या दिशेला बरोबर काटकोनात असावी लागते. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल आणि तुमचं सरळ असेल, तर 'स', 'श', टाळ, झांजा, तबल्याची चाट, सगळं बोथट होतं. लोक मग संगणकावर ट्रेबल वाढवतात. त्याने फक्त खरखर वाढते, गेलेलं परत येत नाही.

हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. एक घट्ट, दुसऱ्याखाली स्प्रिंग आणि डोक्यावर बहुधा रंगाचा ठिपका. हा दुसरा अ‍ॅझिमथचा. पुष्कळ डेकना झाकण काढलं की प्ले चालू असताना तिथे बारीक स्क्रूड्रायव्हर पोहोचतो. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नको. आधी मूळ जागेची खूण करून ठेवा. कॅसेट चालू करा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये हेडफोनवर ऐका, आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्याही आत, दोन्हीकडे फिरवून बघा. एका ठिकाणी आवाज लख्ख उघडतो. थांबायचं तिथे. मोनोमध्ये ऐकायचं कारण असं की तिरकेपणामुळे दोन चॅनेलमध्ये सूक्ष्म वेळेचा फरक पडतो आणि एकत्र केल्यावर उच्च स्वर एकमेकांना मारतात, त्यामुळे चूक ठळक ऐकू येते.

हे प्रत्येक कॅसेटला करायचं. एकाच घरातल्या एकाच टेपरेकॉर्डरवरच्या असतील तर बहुधा एकदा लावलेलं पुढे चालतं.

डोंबिवलीकर

लॅपटॉपला जोडायचं कसं? हेडफोनच्या भोकातून थेट माइकच्या भोकात वायर लावली तर आवाज फाटतो.

सा_रे_ग

फाटणारच. माइकचं भोक काही मिलिव्होल्टसाठी केलेलं असतं, शिवाय आजकालच्या लॅपटॉपला ते मोनो असतं. लाइन-इन असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारी छोटी डबी, घ्या. डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या लाइन-आउटमधून दोन आरसीए वायरी त्यात. फक्त हेडफोन-आउट असलेला टू-इन-वन असेल तर व्हॉल्यूम अर्ध्याच्या थोडं खाली, टोन किंवा इक्वलायझर सपाट, 'बास बूस्ट' बंद.

संगणकाच्या ध्वनी सेटिंगमध्ये जाऊन माइक बूस्ट, नॉइज सप्रेशन आणि 'एन्हान्समेंट' नावाची प्रत्येक गोष्ट बंद करा. ही सोय फोनवर बोलण्यासाठी असते. एकसुरी अखंड आवाज दिसला की ती त्याला पंख्याची घरघर समजून दाबते, आणि बैठकीच्या रेकॉर्डिंगमध्ये तो अखंड आवाज म्हणजे तानपुरा!

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा, शून्याला लागता कामा नये. लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण येत असेल तर चार्जर काढा. ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते.

रत्नांग्री

२४ बिट कशाला? कॅसेटचा मूळ आवाजच खरखरीत. १६ बिटमध्ये मावतो सगळा.

सा_रे_ग

मावतो, मान्य. २४ बिट घ्यायचं ते पातळी जरा कमी ठेवता यावी म्हणून. कीर्तनात बुवा मध्येच टाळ्यांच्या गजरात 'विठ्ठल विठ्ठल' म्हणाले की आवाज एकदम चढतो. तेवढी मोकळी जागा सोडून ठेवली की पुन्हा पहिल्यापासून चालवावी लागत नाही. जागा फार लागत नाही: ६० मिनिटांची स्टिरिओ कॅसेट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला साधारण १ जीबी, १६ बिट, ४४.१ ला ६०० एमबी. फ्लॅक प्रकारच्या फाइलमध्ये साठवलं की आणखी बरीच कमी, आणि आवाजाचं काहीही जात नाही.

मालकंस

घरातले बरेच टेपरेकॉर्डर एका स्पीकरचे, मोनो. त्यावर घेतलेलं स्टिरिओ डेकवर वाजवलं तर दोन्ही चॅनेलवर तेच येतं, पण सारखं नाही. फितीची बाहेरची कड जास्त झिजते, चुरगळते. म्हणून स्टिरिओतच उतरवून घ्या, मग दोन्ही चॅनेल वेगवेगळे ऐका आणि चांगला असेल तोच ठेवा. डोळे मिटून दोन्हींची सरासरी काढू नका.

विदर्भकन्या

वेगाचं कसं ओळखायचं? काही कॅसेट्समध्ये सगळेच बारीक, चढ्या आवाजात बोलतात.

सा_रे_ग

सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरवर, सेल उतरलेले असताना रेकॉर्डिंग झालं असणार. तेव्हा फीत हळू सरकली, आता योग्य वेगाने चालते, म्हणून आवाज चढा. हा चढेपणा बहुधा कॅसेटच्या सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त.

आधी स्वतःचा डेक तपासा. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. विकतची एखादी कॅसेट लावा जिच्यातलं तेच ध्वनिमुद्रण तुमच्याकडे डिजिटल आहे. गाणं डिजिटलमध्ये २०० सेकंदांचं आणि डेकवर १९६ सेकंदांत संपलं, तर डेक २ टक्के जलद आहे. विकतच्या कॅसेट्सही भरताना थोड्या चुकलेल्या असतात, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लावून बघा. बऱ्याच मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. तो केसभर फिरवायचा.

मग घरच्या रेकॉर्डिंगकडे वळा. गाण्यात पेटी असेल तर काम सोपं. पेटीची पट्टी ठरलेली. ट्यूनर अ‍ॅपवर सा जर पांढरी एक आणि काळी एक यांच्या बरोबर मधे येत असेल तर वेग चुकलाय, कारण तिथे पेटीला सूरच नाही. एक पट्टी म्हणजे वेगात जवळजवळ ६ टक्के. जुनी पेटी थोडी उतरलेली असू शकते, तेवढी सूट द्या. नुसता तानपुरा असेल तर ही कसोटी चालत नाही, गायक तो कुठेही लावतो.

फक्त बोलणं असेल तर फितीवर विजेची गुणगुण शोधा. ऑडॅसिटीच्या 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये १०० हर्ट्झजवळ टोक दिसतं. ते १०४ ला असेल तर आवाज साधारण ४ टक्के चढा आहे. मात्र त्या काळात विजेची वारंवारता ५० वर स्थिर नसायची, शिवाय सेलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ही गुणगुण नसतेच, तेव्हा कान हाच शेवटचा निवाडा.

दुरुस्ती करताना पट्टी आणि लय दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा. नुसती पट्टी बदलणारा वापरला तर आवाज यांत्रिक होतो. वेग हळूहळू घसरत गेला असेल तर 'स्लायडिंग स्ट्रेच'मध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वेगवेगळा देता येतो.

गुंजन

आणि खरखर? नॉइज रिडक्शन एकदा लावलं की कॅसेट स्वच्छ होते असं सगळे व्हिडिओ सांगतात.

मालकंस

त्या व्हिडिओंनी फार नुकसान केलंय. १८-२० डेसिबल कापून टाकतात, खरखर जाते आणि जोडीला खोलीही जाते. माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागतं. तानपुऱ्याची जवारी, श्वास, 'ह' आणि 'स', हे सगळं खरखरीच्याच प्रदेशात राहतं.

६ डेसिबल, फार तर ९. नमुना घ्यायचा तो फीत चालू आहे पण कोणी बोलत-गात नाही अशा सेकंदभराचा, फितीच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीचा नव्हे. घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये आपोआप पातळी ठरवणारी व्यवस्था असते. बोलणं थांबलं की ती आवाज ओढून वर घेते, म्हणून दोन वाक्यांच्या मधे खरखर फुगते. तिथे कुठलाच एक नमुना सगळीकडे लागू पडत नाही. अशा रेकॉर्डिंगला हात न लावलेला बरा. कान दोन मिनिटांत खरखरीला सरावतो.

आणि काहीही केलंत तरी मूळ फाइल जशी उतरली तशी, न छेडता, वेगळी ठेवा. दहा वर्षांनी आजच्यापेक्षा चांगली साधनं येतील, पण ती चालवायला ही कच्ची फाइल लागेल.

आकाशवाणीप्रेमी

मध्यम लहरींवरून टिपलेल्या कार्यक्रमांसाठी एक वेगळी गोष्ट. साध्या रेडिओतून ५-६ किलोहर्ट्झच्या वर कार्यक्रमाचं काही येतच नाही. त्यामुळे ६ किलोहर्ट्झला लो-पास, म्हणजे त्याच्या वरचं सगळं कापणारा फिल्टर, लावला तर वरची सगळी फितीची खरखर जाते आणि कार्यक्रमाचं काहीच जात नाही. इथे नॉइज रिडक्शनपेक्षा हा साधा फिल्टर कितीतरी बरा. रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये बारीक अखंड शिट्टी असेल तर ती बहुधा ९ किलोहर्ट्झची, कारण आपल्याकडे मध्यम लहरींवर केंद्रांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ असतं. तीही या फिल्टरने जाते.

निवेदन कापू नका! गाणी सगळीकडे आहेत, निवेदकाचा आवाज, बातम्यांच्या आधीचे टोल, हवामानाचा अंदाज हे कुठेच नाही.

विदर्भकन्या

+१. ओव्यांच्या बाबतीतही तेच. जात्याची घरघर 'नॉइज' म्हणून काढू नका, ओवीचा ताल तीच धरून असते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर आहे. तिथली ध्वनिमुद्रणं ऐकली की जातं, बांगड्या, मधलं बोलणं यांची किंमत कळते. त्यांनी ओवीसोबत गाव आणि गाणारीचं नावही नोंदवलं आहे. घरी निदान तेवढं करा: कोण, कुठे, अंदाजे कधी, कोणत्या प्रसंगी. आवाज ओळखणारी माणसं आहेत तोवर त्यांना ऐकवून लिहून घ्या.

डोंबिवलीकर

फीत तुटली तर सेलोटेप?

खटपट्या

नको. त्याचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. कॅसेटच्या फितीच्या रुंदीची स्प्लायसिंग टेप मिळते. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरका छेद घ्या, टोकाला टोक भिडवा, मधे फट नको, वर चढायलाही नको. टेप लावायची ती पाठीच्या बाजूने, हेडला लागते त्या बाजूने नाही. नखाने घासून बसवा. चुरगळलेला भाग कापून टाकू नका, त्यावरही आवाज असतो.

९० मिनिटांपेक्षा मोठ्या कॅसेट्स जपून. साठच्या फितीची जाडी १६-१८ मायक्रॉन, नव्वदची १२, एकशेवीसची जेमतेम ९. एकशेवीसवाली रिवाइंडच्या झटक्यानेही ताणली जाते, ती शक्यतो प्लेवरच शेवटपर्यंत जाऊ द्या.

गुंजन

भाचरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं आहे. आणि विकतच्यातलं काही नेटवर चढवलं तर चालतं का?

सा_रे_ग

गुंजनताई, बोलण्यासाठी एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस पुरे. गाण्याला १९२. डॉक्युमेंट म्हणून जोडा म्हणजे मधे पुन्हा दाबलं जात नाही. विकतच्या कॅसेटचं स्वतःसाठी ठीक, जाहीर चढवणं नको. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. घरगुती बैठकीतल्या कलाकारांचाही हक्क असतो, त्यांना किंवा घरच्यांना विचारून मगच.

रत्नांग्री

उतरवून झाल्यावर कॅसेट्स टाकून देऊ नका. फीत एका टोकाला पूर्ण गुंडाळून, डबीत, उभ्या ठेवा. स्पीकरपासून लांब, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. डबीत फेल्ट पॅड सुटून पडलेला दिसला तर तोही तिथेच राहू द्या.